औषध कशाला म्हणायचं?

पावसाळा सुरू झाला की आपल्या हॉस्टेलवर तीन गोष्टी न चुकता येतात. भिंतीवरचं शेवाळ, न वाळणारे कपडे आणि ताप. ताम्हिणीकडून ढग खाली उतरले की मुळशीत आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. मग कुठल्यातरी रूममध्ये एकीला शिंका सुरू होतात आणि आठवड्याभरात अख्खी विंग नाक पुसत सबमिशन लिहीत बसते. चौथी गोष्ट तापाच्या मागोमाग आपोआप येते. ती म्हणजे सल्ले!

गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये माझ्या रूममेटला डेंग्यू झाला. तिसऱ्या दिवशी प्लेटलेट्स एक लाखाच्या खाली गेल्या, पाचव्या दिवशी ३९ हजार. तिचे आई-बाबा जळगावहून निघाले होते, पण ते पोचेपर्यंत हॉस्पिटलमध्ये तिच्या उशाशी मी होते. त्या एका रात्रीत माझ्या फोनवर किती उपाय आले असतील? किवी खायला द्या. शेळीचं दूध द्या. गुळवेलीचा काढा द्या. आणि सगळ्यांच्या यादीत पहिल्या नंबरावर पपईच्या पानांचा रस. आपल्या मेसच्या मावशी तर सकाळी पिशवीतून ताजी पानंच घेऊन आल्या. "पोरी, कडू लागंल, पण नाक धरून पाज तिला," म्हणाल्या.

मी डॉक्टरांना विचारलं, "सर, डेंग्यूवरचं औषध कधी सुरू करणार?" ते शांतपणे म्हणाले, "डेंग्यूच्या विषाणूला मारणारं औषध आपल्याकडे नाही. पाणी, सलाइन, तापासाठी पॅरासिटामॉल आणि बारीक लक्ष, एवढंच. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन मात्र चुकूनही द्यायचं नाही, त्यांनी रक्तस्राव वाढतो."

खरं सांगते मित्रांनो, मला ते वाक्य पचेना. मंगळाभोवती यान फिरवणाऱ्या देशात एका डासाने दिलेल्या तापावर औषध नाही? रूममेट सातव्या दिवसापासून सावरली. पण "औषध नाही" म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. मी कॉम्प्युटरची विद्यार्थिनी, बारावीनंतर बायोलॉजीशी संबंध संपलेला. शिवाय पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. 'व्हायरस' म्हणजे विषाणू आणि 'बॅक्टेरिया' म्हणजे जिवाणू हे मराठी शब्द पक्के करायला हा लेख लिहिताना आईला दोनदा फोन करावा लागला! पण वाचत गेले आणि गंमत म्हणजे या प्रश्नाची अर्धी उत्तरं आपल्या मुळशीच्या आसपासच सापडली. तीच तुमच्यापुढे मांडते.

आधी मूळ अडचण बघू. जिवाणू हा स्वतःचा संसार घेऊन येणारा प्राणी. त्याचा स्टोव्ह वेगळा, भांडी वेगळी. पेनिसिलिन त्याची भिंत पाडतं. आपल्या पेशींना तशी भिंतच नसते, म्हणून आपल्याला धक्का लागत नाही. विषाणूचं तसं नाही. तो हात हलवत येतो. समजा, रात्री कुणी परका माणूस आपल्या मेसमध्ये घुसला. आपलंच पीठ, आपलाच गॅस, आपल्याच मावशी, आणि त्यांच्याकडून पोळ्या मात्र स्वतःच्या करून घेतोय. त्याला कसं थांबवणार? मेसला आग लावली तर तो जाईल, पण सकाळी जेवणार काय? विषाणूवरच्या औषधाचा सगळा प्रश्न एवढाच आहे. परका माणूस बाहेर गेला पाहिजे आणि मेस शाबूत राहिली पाहिजे.

हे डोक्यात ठेवून आता ताम्हिणीच्या जंगलात चला.

आपल्या नेचर क्लबच्या ऑगस्टमधल्या ट्रेलला पुण्याहून वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आले होते. चालता चालता एका लहानशा झाडापाशी थांबले आणि म्हणाले, "वास घ्या." फुलांना इतका घाण वास होता की आम्ही सगळे दोन पावलं मागे सरकलो. सर हसले. "हा नरक्या. नाव उगाच नाही पडलं. पण या झाडात जे आहे त्यासाठी जग आपल्या सह्याद्रीकडे बघतं."

नरक्यात कॅम्पटोथेसिन नावाचं द्रव्य असतं. ते पहिल्यांदा १९६६ मध्ये अमेरिकेत एका चिनी झाडातून वेगळं केलं गेलं. ते करणारे दोन शास्त्रज्ञ होते मन्रो वॉल आणि मनसुख वाणी. हे वाणी कुठले? आपल्या नंदुरबारचे! १९२५ चा जन्म, मुंबई विद्यापीठातून एम.एस्सी., मग अमेरिकेत डॉक्टरेट. पुढे १९७१ मध्ये टॅक्सॉल या कॅन्सरवरच्या प्रसिद्ध औषधाची रचनाही याच जोडीने शोधली. २०२० मध्ये ते वारले. दहावीपर्यंत माझ्या पुस्तकात एडिसन आला, फ्लेमिंग आला, पण नंदुरबारचे वाणी मला कधी भेटले नाहीत. असो. १९७२ मध्ये गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातल्या गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवलं की तेच द्रव्य आपल्या नरक्यातही आहे, आणि भरपूर आहे.

आता विषाणूंचा संबंध. त्याच १९७२ साली न्यूयॉर्कमध्ये सुझन हॉरविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅम्पटोथेसिन विषाणूंवर वापरून बघितलं. ज्या विषाणूंमध्ये डीएनए असतो त्यांची वाढ त्याने प्रयोगशाळेत रोखली. म्हणजे झालं की औषध! नाही. डीएनए हा पिळलेला दोरा असतो. त्याची नक्कल करताना पीळ सोडवावा लागतो, नाहीतर इअरफोनच्या वायरसारखा गुंता होतो. तो पीळ सोडवणारं एक विकर आपल्या पेशीत असतं. ते दोरा एका जागी कापतं, पीळ काढतं आणि पुन्हा सांधतं. कॅम्पटोथेसिन त्याला नेमकं कापलेल्या अवस्थेत अडकवून टाकतं. दोरा तुटलेला राहतो. पण हे विकर पेशीचं. त्यामुळे विषाणूची नक्कल थांबते तशी भराभर वाढणारी आपली चांगली पेशीही मरते. म्हणजे मेसला आग!

म्हणूनच हे द्रव्य विषाणूवरचं औषध झालं नाही. कॅन्सरच्या पेशी भराभर वाढतात, त्यामुळे तिथे मात्र त्याचा उपयोग झाला. त्यात रासायनिक बदल करून टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधं तयार झाली. १९९६ मध्ये अमेरिकेत त्यांना मान्यता मिळाली. आणि इकडे नरक्याचं काय झालं? मागणी वाढली तशी सह्याद्रीत चोरटी तोड सुरू झाली. साल हवी, मूळ हवं, म्हणून झाडंच्या झाडं गेली. सर सांगत होते, "देवराईत देवाच्या भीतीने वाचली ती वाचली."

त्या दिवशी माझ्या मनातला एक समज गळून पडला. 'नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाहीत' हे वाक्य आपण किती सहज फेकतो! नरक्या शंभर टक्के नैसर्गिक आहे, मुळशीच्या मातीतला आहे आणि पेशीला मारणारा आहे.

आता याच्या बरोबर उलटी गोष्ट. तिच्यासाठी जंगलात जायची गरज नाही, पौड रोडवरच्या कुठल्याही हॉटेलची बिर्याणी पुरे. तिच्यात आठ पाकळ्यांचं एक तपकिरी फूल सापडतं, जे आपण ताटाच्या कडेला काढून ठेवतो. चक्रीफूल! त्यात शिकिमिक ॲसिड असतं. याच ॲसिडपासून सुरुवात करून रसायनशास्त्रज्ञांनी एकामागून एक पायऱ्या करत ओसेल्टामिव्हिर बनवलं, म्हणजेच १९९९ मध्ये मान्यता मिळालेलं 'टॅमिफ्लू'.

पुणेकरांना हे नाव विसरता येणार नाही. ३ ऑगस्ट २००९ रोजी स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. चौदा वर्षांची शाळकरी मुलगी होती ती. मी तेव्हा फार लहान होते, पण माझी मावशी कोथरूडला राहायची. ती सांगते, शाळा-कॉलेजं बंद झाली, नायडू हॉस्पिटलसमोर तपासणीसाठी रांगा लागल्या, रुमाल बांधल्याशिवाय कुणी बाहेर पडेना आणि त्या वर्षी गणपतीत रस्ते ओस होते. सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, टॅमिफ्लू.

फ्लूचा नवा विषाणू पेशीतून बाहेर पडताना पेशीला चिकटून राहतो. सुटण्यासाठी त्याच्याजवळ स्वतःची एक कात्री असते, न्युरामिनिडेज नावाची. ओसेल्टामिव्हिर त्या कात्रीत जाऊन बसतं. कात्री विषाणूची, त्यामुळे आपली पेशी शाबूत. अर्थात हेही जादू नाही. लक्षणं दिसल्यापासून ४८ तासांच्या आत घेतलं तर जास्त उपयोग, आणि साध्या आजारात दुखणं साधारण एक दिवसाने कमी होतं.

गंमत पुढेच आहे. मग चक्रीफुलाचा काढा प्यायला तर फ्लू जाईल का? नाही जाणार. शिकिमिक ॲसिड हा नुसता कच्चा माल. मातीची वीट होते म्हणून मातीच्या ढिगाऱ्यात कुणी राहत नाही. पुढे तर हे ॲसिड जिवाणूंकडून टाकीत आंबवूनही काढायला लागले. मग टॅमिफ्लूला नैसर्गिक म्हणायचं की कृत्रिम? मी विचार केला आणि सोडून दिला. कारण प्रश्नच चुकीचा आहे. नरक्यातलं द्रव्य जसंच्या तसं निसर्गाचं, पण निवड करत नाही. टॅमिफ्लू कारखान्यातलं, पण बरोबर परक्याचाच हात धरतं. विचारायचं ते एवढंच, की विषाणूला काय होतं आणि पेशीला काय होतं?

या प्रश्नाची किंमत मला याच वर्षी जानेवारीत कळली. मेसच्या मावशी चार दिवस आल्या नाहीत. परत आल्यावर कळलं, त्यांच्या सासूबाईंना नागीण उठली होती, कपाळावर, डाव्या डोळ्याच्या वर. मावशींचं गाव पौडच्या पुढे. नागिणीबद्दल आपल्याकडे काय समज आहेत ते तुम्हाला माहीत असेलच. वेढा पूर्ण झाला की माणूस जातो म्हणे! घरच्यांनी गेरूचा लेप लावला. शेजारच्या वाडीतून एक मंत्र टाकणारे आले. दुसऱ्या दिवशी पापणी सुजली. तेवढ्यात गावातल्या आशाताई दुसऱ्याच कामाला आल्या होत्या, त्यांनी आजींकडे बघितलं आणि जीप बोलावली. दवाखान्यात डॉक्टरांनी लगेच ॲसायक्लोव्हिर सुरू केलं, दिवसातून पाच वेळा, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. आजींचा डोळा वाचला.

नागीण म्हणजे लहानपणीच्या कांजिण्यांचाच विषाणू. तो मज्जातंतूत वर्षानुवर्षं झोपून राहतो आणि म्हातारपणी जागा होतो. ॲसायक्लोव्हिर या झोपलेल्याला हाकलू शकत नाही, पण जागा झाला की त्याची वाढ थांबवतं आणि पहिल्या ७२ तासांत घेतलं तर उत्तम. हे औषध ज्या प्रयोगशाळेत तयार झालं तिथे गर्ट्रूड एलियन नावाच्या बाई काम करत. त्यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. ॲसायक्लोव्हिरची युक्ती वाचली तेव्हा मी खरंच टाळी वाजवली. गोळी पेशीत शिरते तेव्हा ती निष्क्रिय असते, कुलूपबंद. ते कुलूप उघडायची किल्ली फक्त विषाणूच्या विकराजवळ असते. म्हणजे ज्या पेशीत विषाणू आहे तिथेच औषध जागं होतं, शेजारच्या निरोगी पेशीत जवळजवळ होतच नाही. चोर स्वतःच्या हाताने कडी लावून घेतो!

आणि या युक्तीच्या मुळाशी पुन्हा निसर्ग आहे बरं का. १९५० च्या सुमारास वर्नर बर्गमन यांना समुद्रातल्या एका स्पंजात डीएनएच्या घटकांसारखेच, पण थोडे वेगळे रेणू सापडले. साखरेचा भाग बदललेला. त्यातून लोकांना सुचलं की विषाणूला असाच खोटा मणी दिला तर? त्याची माळ तिथेच तुटेल. पुढे एचआयव्ही आणि कोविडवर वापरलेल्या काही औषधांमागेही हाच विचार आहे. हिपॅटायटिस सीवर २०१३ मध्ये आलेल्या सोफोसबुव्हिरमागेही तोच. त्याने तर दुसऱ्या औषधाच्या जोडीने साधारण तीन महिन्यांत बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. स्पंजाने कुणाला बरं केलं नाही. पण स्पंज नसता तर ही कल्पना सुचायला किती वर्षं गेली असती कोण जाणे.

मावशींना मी हे सगळं पोळ्या लाटताना सांगत होते. त्या म्हणाल्या, "म्हंजी पाल्यात गुण नसतो असं नाय ना?" मी म्हटलं, "गुण असतो मावशी, पण कुठला आणि किती, ते तपासावं लागतं."

तपासायचं कसं, ते आमच्या मिनी प्रोजेक्टने शिकवलं. आमच्या ग्रुपने विषय घेतला होता 'डॉकिंग'. विषाणूच्या प्रोटीनला एक खाच असते. कॉम्प्युटरवर एकेका वनस्पतीतला रेणू त्या खाचेत बसतो का बघायचं आणि प्रोग्राम त्याला मार्क देतो. आम्ही डेंग्यूच्या एका विकरावर असे बरेच रेणू बसवून पाहिले. पहिल्या दहांत हळदीतलं द्रव्य आलं तेव्हा ग्रुपमध्ये पार्टीचं वातावरण! रिव्ह्यूला गाइड मॅडमनी सगळं नीट ऐकून घेतलं, मार्कही दिले आणि तीन प्रश्न विचारले. "हा रेणू पेशीतल्या विषाणूला खरंच थांबवतो का? तेवढ्या मात्रेत पेशी जगते का? आणि तेवढी मात्रा माणसाच्या रक्तात पोचते का?"

तिन्ही प्रश्नांची उत्तरं कॉम्प्युटरजवळ नसतात. पहिल्या दोन प्रश्नांसाठी जिवंत पेशी आणि जिवंत विषाणू लागतात, आणि ते हाताळायला कडेकोट प्रयोगशाळा. आपली बस पाषाणहून सूसच्या रस्त्याला लागते तिथे राष्ट्रीय विषाणू संस्थेचं आवार आहे. ही संस्था पुण्यात १९५२ पासून आहे. तिथे सर्वांत धोकादायक विषाणूंसाठीची, चौथ्या पातळीची प्रयोगशाळा २०१२ मध्ये उभी राहिली. आपण दर शनिवारी खिडकीतून बघत जातो ते हेच. पेशी आणि विषाणूंनंतर उंदीर, मग निरोगी माणसं, मग थोडे रुग्ण, मग पुष्कळ रुग्ण. त्यातही अर्ध्यांना औषध आणि अर्ध्यांना नाही, आणि कुणाला काय मिळालं हे शक्यतो डॉक्टरलाही ठाऊक नाही.

हे सोपस्कार कशाला, असं वाटत असेल तर कोविड आठवा. आयव्हरमेक्टिनने २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगात बशीतल्या पेशींमधला कोरोना विषाणू झपाट्याने कमी केला. बातमी जगभर गेली, लोकांनी गोळ्या घेतल्या. पण बशीतली मात्रा माणसाच्या रक्तात सहज पोचणारी नव्हती, आणि २०२२ पर्यंत झालेल्या मोठ्या चाचण्यांत फायदा दिसला नाही. बरोबर मॅडमचा तिसरा प्रश्न!

आणि रेमडेसिव्हिर? एप्रिल २०२१. मी दहावीत होते, सोलापूरला. माझे मामा सिरियस होते आणि बाबा दोन दिवस एका इंजेक्शनसाठी मेडिकलच्या रांगांमध्ये उभे होते. राज्यात हजारो घरांत तेच चालू होतं. त्याआधीच, नोव्हेंबर २०२० मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने दाखल रुग्णांसाठी रेमडेसिव्हिर नको असं सांगितलं होतं. पुढच्या चाचण्यांत चित्र आणखी स्पष्ट झालं. आजाराच्या सुरुवातीला, धोका जास्त असलेल्या माणसाला दिलं तर उपयोग होतो. म्हणून एप्रिल २०२२ मध्ये संघटनेने तशांसाठी ते सुचवलं. म्हणजे औषध खोटं नव्हतं, वेळ चुकत होती. मामा वाचले नाहीत. बाबांना शेवटी इंजेक्शन मिळालं नव्हतं आणि ते अजून कधीतरी म्हणतात, "मिळालं असतं तर..." मी हे सगळं वाचल्यावर एका रात्री त्यांना फोनवर समजावून सांगितलं. की त्या अवस्थेत बहुधा त्याने फरक पडला नसता. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी दोन दिवस त्याच्याजवळ तरी बसलो असतो."

मित्रांनो, चाचण्यांचे आकडे कोरडे असतात असं आपण म्हणतो. मला तसं वाटत नाही आता.

मग पाला, मुळ्या, काढे सगळं बाजूला टाकायचं का? मुळीच नाही. २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ, मिरी यांचा काढा सुचवला होता तो प्रतिकारशक्तीसाठी, विषाणू मारायला नव्हे. घसा शेकायला मीही तो पिते. पपईच्या पानांवर आपल्या देशात माणसांवरही चाचण्या झाल्या आहेत. त्यांत मुख्यतः प्लेटलेट्स वाढल्या का हे मोजलं गेलं, विषाणू मेला का हे नाही. आणि डेंग्यूत ताप उतरल्यावर काही दिवसांत प्लेटलेट्स बहुतेकांच्या आपोआप वाढतात. म्हणून तर या चाचणीत रस न घेतलेला गट लागतोच, नाहीतर निसर्गाचं श्रेय पपईला जातं. (माझ्या रूममेटने रस दोनदा घेतला आणि दोनदा ओकला. श्रेय कुणाला द्यायचं ते तुम्हीच ठरवा!)

पण एक वेल अशी आहे जिच्याबद्दल वाचून मी खुर्चीत सरळ बसले. पहाडवेल. आपल्याकडे डोंगरात, कुंपणावर सहज दिसणारी, हृदयाच्या आकाराची पानं. २०१५ मध्ये दिल्लीच्या इंटरनॅशनल सेंटर फॉर जेनेटिक इंजिनिअरिंग अँड बायोटेक्नॉलॉजी या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तिच्या अर्काने पेशींमध्ये डेंग्यूचे चारही प्रकार रोखल्याचं प्रसिद्ध केलं. उंदरांमध्येही त्याने संरक्षण दिलं. पुढे तिच्याच कुळातल्या वासनवेलीवर त्यांनी एका औषध कंपनीबरोबर काम केलं. तो अर्क २०२० मध्ये कोविडसाठी माणसांवरच्या चाचणीपर्यंत गेला.

वासनवेल मला ओळखता येत नव्हती. मावशींना विचारलं तर त्या हसल्याच. हॉस्टेलच्या मागच्या कुंपणावरून चार पानं तोडून आणली, पातेल्यातल्या पाण्यात चुरगळली आणि म्हणाल्या, "बघ आता." थोड्या वेळात पाण्याचं हिरवं दही झालं, सुरीने वड्या पाडाव्या तसं. लहानपणी त्या सगळ्या बहिणी हा खेळ खेळायच्या. ज्या वेलीवर दिल्लीत शास्त्रज्ञ काम करतात ती आपल्या वायरीवर कपडे वाळत घालतो त्या कुंपणावर होती आणि तिची ओळख आपल्या सगळ्यांत फक्त मावशींना होती.

म्हणून म्हणते, ज्ञान दोन्हीकडे आहे. कुठल्या पानाकडे बघायचं हे मावशींच्या पिढीला माहीत आहे. त्या पानातलं काय, किती आणि कुणाला द्यायचं हे शोधायला पेशी, उंदीर, चाचण्या आणि वर्षानुवर्षांचा धीर लागतो. यातलं एक सोडून दुसरं धरलं तर एकतर आजींचा डोळा जातो, नाहीतर कुंपणावरची वेल तण म्हणून उपटली जाते.

आता एक विनंती. पुढच्या पावसाळ्यात 'हे पान सर्व विषाणूंवर रामबाण' असा मेसेज आला तर पुढे पाठवण्याआधी आमच्या मॅडमचे तीन प्रश्न विचारा. गोळीच्या जाहिरातीलाही तेच विचारा. कुणाला ताप आला तर आधी डॉक्टर, मग काढा. रूमच्या मागचे डबे, कूलर, टायर यांत पाणी साठू देऊ नका, कारण डेंग्यूवर आज आपल्या हातात असलेला सगळ्यात खात्रीचा उपाय तोच आहे. ट्रेलला गेलात तर नरक्याची फांदी मोडून वास घेऊ नका, फुलाजवळ नाक नेलं तरी पुरतं!

आणि केमिकल, बायोटेक, कॉम्प्युटरच्या ज्युनियर्सना एक सांगणं. बी.ई.च्या प्रोजेक्टला विषय मिळत नाही म्हणून रडू नका. मागच्या कुंपणापाशी जा. मावशींना बरोबर न्या, त्या वेली दाखवतील. रेक्टर मॅडमनी या वर्षी तिथलं गवत काढताना वासनवेल तेवढी ठेवायला सांगितली आहे.